सेल्सिअस आणि फॅरनहाइट : हवामानाच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नुकतेच तिकडे पोचलेले तरुण, आणि इकडे बसून "तिकडे आज किती आहे?" असं विचारणारं घर, अशा सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जागा वाचवण्यासाठी सेल्सिअसला 'से.' आणि फॅरनहाइटला 'फॅ.' असं लिहिलं आहे.

दोन मापनांत नेमका फरक काय?

फरक दोन आहेत, आणि ते वेगवेगळे लक्षात ठेवले तर बहुतेक गोंधळ होतच नाही.

पहिला फरक सुरुवातीच्या खुणेचा. पाणी गोठतं तिथे सेल्सिअस ० म्हणतं, फॅरनहाइट ३२ म्हणतं. दुसरा फरक पायरीच्या उंचीचा. पाणी गोठण्यापासून समुद्रसपाटीवर उकळण्यापर्यंतच्या अंतराचे सेल्सिअस १०० भाग करतं, तर फॅरनहाइट १८० (३२ ते २१२). म्हणजे सेल्सिअसची एक पायरी फॅरनहाइटच्या १.८ पायऱ्यांएवढी, किंवा सेल्सिअसच्या ५ पायऱ्या म्हणजे फॅरनहाइटच्या ९.

सूत्र कोणतं?

फॅ. = से. × ९ ÷ ५ + ३२
से. = (फॅ. − ३२) × ५ ÷ ९

दुसऱ्या सूत्रात कंस महत्त्वाचा. आधी ३२ वजा करायचे, मग गुणाकार-भागाकार. कॅल्क्युलेटरवर घाईत ८६ − ३२ × ५ ÷ ९ असं सलग दाबलं तर काही यंत्रं गुणाकार-भागाकार आधी करतात आणि उत्तर ६८.२ येतं, बरोबर उत्तर ३० आहे. ८६ − ३२ नंतर एकदा 'बरोबर'ची कळ दाबा आणि मग पुढे जा.

तोंडी हिशेब कसा करायचा?

सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना: दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचाच दहावा भाग काढा, ३२ मिळवा. ३५ ची दुप्पट ७०, त्यातून ७ गेले की ६३, अधिक ३२ म्हणजे ९५. हे उत्तर अंदाजी नाही, तंतोतंत आहे, कारण दुपटीतून दहावा भाग काढणं म्हणजेच १.८ ने गुणणं.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना: ३२ वजा करा, निम्मे करा, त्या निम्म्यात त्याचाच नववा भाग मिळवा. ८६ मधून ३२ गेले, उरले ५४; निम्मे २७; त्यात नववा भाग ३; उत्तर ३०. नववा भाग डोक्यात येत नसेल तर दहावा घ्या, हवामानाच्या आकड्यांत अर्ध्या अंशापेक्षा कमीच चूक होते.

"दुप्पट करा आणि ३० मिळवा" ही युक्ती चालते का?

थंड आणि सुखद हवेत चालते, उन्हाळ्यात फसवते. १० से. ला ती बरोबर ५० फॅ. देते. २० से. ला ७० सांगते, खरे ६८. ३० ला ९० सांगते, खरे ८६. ४० ला ११० सांगते, खरे १०४, म्हणजे तब्बल ६ अंश फॅ. जास्त. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्याला ही युक्ती लावू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात शिकागोत काय घालावं एवढंच ठरवायचं असेल तर ती पुरेशी आहे.

रूपांतर न करता आकडा कळायला लागावा, तर काय पाठ करायचं?

आमच्या मते हाच खरा प्रश्न आहे. रोज सूत्र लावणारा माणूस वर्षभरानंतरही सूत्रच लावत बसतो. त्यापेक्षा ठरावीक खुणा पाठ करा आणि मधले आकडे त्यांच्या आधाराने ओळखा:

० से. = ३२ फॅ.
१० से. = ५० फॅ.
२० से. = ६८ फॅ.
३० से. = ८६ फॅ.
४० से. = १०४ फॅ.

दर दहा अंश से. ला अठरा अंश फॅ. वाढतात, त्यामुळे ही उतरंड विसरली तरी ३२ पासून पुन्हा उभी करता येते. मधल्या पाचांसाठी ९ मिळवा: २५ म्हणजे ७७, ३५ म्हणजे ९५, ४५ म्हणजे ११३.

आणखी दोन जोड्या गमतीच्या आणि उपयोगाच्या. १६ से. म्हणजे जवळपास ६१ फॅ., २८ से. म्हणजे जवळपास ८२ फॅ.; आकडे नुसते उलटे. ०४ आणि ४० सुद्धा जवळ बसतात, कारण ४ से. म्हणजे ३९.२ फॅ. या तिन्हींत चूक एका अंशाच्या आतली आहे.

पहिले काही आठवडे फोनवर फक्त स्थानिक मापन ठेवा आणि सकाळी बाहेर पडल्यावर अंगाला काय जाणवलं ते त्या आकड्याशी जोडा. दोन्ही मापनं शेजारी-शेजारी दिसत असतील तर डोळा ओळखीच्या आकड्याकडेच जातो आणि दुसरा कधीच अंगवळणी पडत नाही.

अमेरिकेतल्या बातम्यांत "लो फॉर्टीज", "मिड सेव्हंटीज" असं म्हणतात. म्हणजे किती?

दशकाचे तीन तुकडे करायचे. लो म्हणजे साधारण पहिले तीन-चार अंश, मिड म्हणजे मधले, हाय किंवा अपर म्हणजे शेवटचे. लो फॉर्टीज म्हणजे ४० ते ४३ फॅ., म्हणजे ४ ते ६ से. मिड सेव्हंटीज म्हणजे ७४ ते ७६ फॅ., म्हणजे २३-२४ से. 'टीन्स' म्हणजे १३ ते १९ फॅ., आणि तो उणे १० से. च्या आसपासचा गारठा आहे.

सर्वांत घातक शब्द 'झीरो'. आपल्याकडे "पारा शून्याखाली" म्हटलं की पाणी गोठण्याच्या खाली एवढाच अर्थ. अमेरिकन माणूस 'बिलो झीरो' म्हणतो तेव्हा तो ० फॅ. च्या खालचं बोलत असतो, म्हणजे उणे १८ से. पेक्षाही थंड. पाणी गोठण्याच्या खालच्या तापमानाला तो 'बिलो फ्रीझिंग' म्हणतो. या दोन शब्दप्रयोगांत १८ अंश से. चं अंतर आहे, आणि पहिल्या हिवाळ्यात अंगावर किती थर चढवायचे ते त्यावर ठरतं.

उणे आकड्यांचं काय? मिळतं-जुळतं एखादं तापमान आहे का?

आहे. उणे ४० ला दोन्ही मापनं एकच आकडा दाखवतात. त्याच्या वर कुठेही फॅरनहाइटचा आकडा सेल्सिअसपेक्षा मोठाच असतो.

तोंडी हिशेबात उणे चिन्ह हाताळताना गडबड होते, ती अशी सोडवा: उणे १० ची दुपट उणे २०, त्याचा दहावा भाग काढला की उणे १८, त्यात ३२ मिळवले की १४ फॅ. उणे २० से. म्हणजे उणे ४ फॅ. शिकागोचा नीचांक २० जानेवारी १९८५ चा, उणे २७ फॅ., म्हणजे उणे ३२.८ से. इतक्या खाली दोन्ही मापनं एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे "उणे पंचवीस" असं कुणी नुसतं म्हणालं तर कोणतं मापन हे विचारलं नाही तरी कपाटातला सर्वांत जाड कोटच काढायचा असतो.

कोणत्या आकड्याला काय घालायचं?

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी साधारण अंदाज असा.

८५ ते ९५ फॅ. (२९ ते ३५ से.): सुती कपडे, टोपी, पाणी. विदर्भातल्या माणसाला ९५ ऐकून हसू येईल, पण न्यू जर्सीत जुलैत सूर्य रात्री आठ-साडेआठपर्यंत असतो आणि हवा दमट असते.

सत्तरीतले आकडे (२१ ते २६ से.): काहीच विचार करायला नको.

साठीतले (१६ ते २१ से.): सकाळ-संध्याकाळ पातळ स्वेटर. मुंबईची जानेवारीतली पहाट साधारण याच पट्ट्यात येते.

पन्नाशीतले (१० ते १५ से.): इथे फसगत होते. पुण्या-नाशकाला डिसेंबरात पहाटे १०-१२ अंश ही नेहमीची गोष्ट, म्हणून "हे आम्हाला माहीत आहे" असं वाटतं. पण आपल्याकडे दुपारपर्यंत पारा २८-३० ला जातो. तिकडे नोव्हेंबरात ५० फॅ. हा दिवसभरातला सर्वोच्च आकडा असू शकतो, वर वारा. शाल पुरत नाही, वारा अडवणारं जाकीट लागतं.

चाळिशीतले (४ ते ९ से.): जाड जाकीट, कान झाकणारी टोपी.

तिशीतले आणि खाली (४ से. पेक्षा कमी): आतून थर्मल, हातमोजे, जाड मोजे आणि खाच असलेल्या तळव्यांचे बूट. जमिनीलगत ३५-३६ फॅ. असतानाही बर्फ पडू शकतो, कारण तो वरच्या थंड हवेत तयार होऊन वितळायच्या आत खाली पोचतो. म्हणून "अजून बत्तीस झाले नाहीत, बर्फ कसा पडेल" असं म्हणू नये.

साडीवर कोट घालणाऱ्यांसाठी एक सूचना: थंडी खालून शिरते. परकराऐवजी आतून थर्मल लेगिंग घातली तर निम्मा प्रश्न सुटतो.

"तापमान सरासरीपेक्षा ५ अंश से. ने जास्त" हे फॅरनहाइटमध्ये ४१ ना?

नाही, ९. सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती छापून आलेल्या बातम्यांतही सापडते.

तापमान रूपांतरित करताना ३२ मिळवायचे, तापमानातला फरक रूपांतरित करताना नाही. फरकात सुरुवातीची खूण दोन्ही बाजूंनी वजा होऊन जाते. उरते फक्त पायरीची उंची. ५ अंश से. चा फरक म्हणजे ५ × १.८ = ९ अंश फॅ. जागतिक तापमानवाढीची १.५ अंश से. ची मर्यादा म्हणजे २.७ अंश फॅ. सर्च इंजिनच्या चौकटीत १.५ टाकलं तर ती ३४.७ असं उत्तर देते, कारण आपण फरक विचारतोय हे तिला कळत नाही.

ओळखायची खूण सोपी: वाक्यात 'ने' असेल (५ अंशांनी वाढलं, ३ अंशांनी घसरलं) तर ३२ ला हात लावायचा नाही. 'वर' असेल (३५ अंशांवर पोचलं) तर लावायचा.

भारतीय हवामान विभागाचे उष्णतेच्या लाटेचे निकष फॅरनहाइटमध्ये किती होतात?

वरचाच नियम इथे नीट वापरता येतो, कारण निकषात तापमानही आहे आणि फरकही. लाटेचा विचार सुरू व्हायला कमाल तापमान सपाट प्रदेशात किमान ४० से. (१०४ फॅ.), किनारपट्टीवर ३७ से. (९८.६ फॅ.) आणि डोंगराळ भागात ३० से. (८६ फॅ.) असावं लागतं. त्यानंतर सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश से. जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. हे फरक आहेत, म्हणून ८.१ आणि ११.५ अंश फॅ. याशिवाय सरासरी काहीही असली तरी प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ से. (११३ फॅ.) झालं की लाट आणि ४७ से. (११६.६ फॅ.) झालं की तीव्र लाट.

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ से. नोंदलं गेलं, म्हणजे ११८.२ फॅ. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ से., म्हणजे १२३.८ फॅ. अमेरिकेतल्या नातेवाइकांना उन्हाळ्याची कल्पना द्यायची असेल तर हे आकडे फॅरनहाइटमध्येच सांगा.

'फील्स लाइक' म्हणजे काय? तेही रूपांतरित करता येतं का?

करता येतं, पण तो आकडा थर्मामीटरचा नाही. उन्हाळ्यात तो हवेचं तापमान आणि आर्द्रता मिळून काढतात (हीट इंडेक्स), हिवाळ्यात तापमान आणि वारा मिळून (विंड चिल).

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यात ९० फॅ. आणि ६० टक्के आर्द्रतेला हीट इंडेक्स १०० येतो. से. मध्ये म्हणायचं तर हवा ३२, जाणवतं ३८. हा तक्ता सावलीसाठी आणि हलक्या वाऱ्यासाठी आहे. थेट उन्हात त्यात १५ अंश फॅ. पर्यंत भर पडू शकते. ही भर फरक आहे, म्हणून ८ अंश से. (इथे १५ फॅ. म्हणजे उणे ९ से. असं उत्तर काढणारे लोक आहेत.)

विंड चिल अमेरिकेत ५० फॅ. किंवा त्याखालीच मोजतात. ० फॅ. ला ताशी १५ मैल वारा असेल तर विंड चिल उणे १९ फॅ., म्हणजे उणे २८ से. अशा हवेत उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. मात्र नळातलं पाणी किंवा गाडी विंड चिलएवढी थंड होत नाही. वारा उष्णता लवकर पळवून नेतो, पण वस्तू हवेच्या खऱ्या तापमानाखाली जात नाही.

कॅनडात विंड चिल एककाशिवाय, नुसता आकडा म्हणून सांगतात. तो सेल्सिअसच्या चालीवरचा समजायचा. टोरांटोतला मुलगा "विंड चिल उणे पंचवीस" म्हणाला तर ते फॅरनहाइट समजून आणखी रूपांतर करू नका.

अमेरिकन अंदाजात 'ड्यू पॉइंट' दिलेला असतो. तो कशासाठी?

मुंबई, कोकण, गोव्याच्या लोकांसाठी तर हा टक्केवारीपेक्षा उपयोगी आकडा आहे. हवा किती थंड झाल्यावर तिच्यातली वाफ दवबिंदूंच्या रूपात बाहेर पडेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. दवबिंदू जितका वर, तितका घाम वाळायला त्रास.

५५ फॅ. (१३ से.) पर्यंत हवा कोरडी, सुखद. ६५ फॅ. (१८ से.) ला चिकचिक सुरू. ७० फॅ. (२१ से.) च्या वर घुसमट. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू २४-२५ से., म्हणजे ७५-७७ फॅ. असतो. म्हणून दादरहून ह्यूस्टनला गेलेल्याला तिथला उन्हाळा ओळखीचा वाटतो आणि फीनिक्सला गेलेला म्हणतो, एकशे पाच आहे पण घामच दिसत नाही. सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत असल्यामुळे तिचं रूपांतर करायचं नसतं. दवबिंदू मात्र तापमान आहे, त्यामुळे त्याला नेहमीचं सूत्र लागतं.

एकाच ठिकाणी माझा फोन २२ से. दाखवतो, मित्राचा ७१ फॅ. पण २२ म्हणजे ७२ होतात ना?

दोघंही बरोबर आहेत. अ‍ॅपकडे मूळ आकडा दशांशात असतो आणि पडद्यावर पूर्णांक दिसतो. मूळ तापमान २१.६ से. असेल तर सेल्सिअस दाखवणारा फोन ते २२ करतो. फॅरनहाइटमध्ये तेच ७०.९ होतं आणि ७१ दिसतं. आपण मात्र आधीच पूर्णांक केलेल्या २२ चं रूपांतर करून ७१.६, म्हणजे ७२ काढतो. दोनदा पूर्णांक केला की एका अंशाची तफावत येणारच.

एक अंश फॅ. म्हणजे ०.५६ अंश से., त्यामुळे पूर्णांकात फॅरनहाइट जरा बारीक मोजतं हे खरं. पण अंदाजाची स्वतःची चूकच एक-दोन अंशांची असते, तिथे या बारकाव्याला फार किंमत नाही.

जुन्या विक्रमांत १.७, ४२.२ असे विचित्र दशांश का?

अनेकदा ती फॅरनहाइटची खूण असते. पूर्वी भारतातही फॅरनहाइटमध्ये नोंदी होत. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ से.; ३५ फॅ. चं रूपांतर बरोबर तेवढंच येतं. मुंबईत सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ से. नोंदलं गेलं, ते १०८ फॅ. शी जुळतं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा १० जुलै १९१३ चा ५६.७ से. हा विक्रम मुळात १३४ फॅ. आहे.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. "टेक्सासात पारा ३७.८ अंशांच्या पुढे" असं मराठी बातमीत दिसलं तर मूळ बातमी बहुधा "शंभरी ओलांडली" एवढीच असते. भाषांतर करणाऱ्याने दशांश आणला, मोजणाऱ्याने नव्हे. तिथे "सुमारे ३८" लिहावं.

फोनवर मापन कसं बदलायचं?

आयफोनवर 'सेटिंग्ज', 'जनरल', 'लँग्वेज अँड रीजन' आणि त्यात 'टेंपरेचर'. अँड्रॉइड १४ पासून 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टीम' आणि 'लँग्वेजेस' खाली 'रीजनल प्रेफरन्सेस' असतं, त्यात तापमानाचं मापन निवडता येतं. कंपनीनुसार मेनूची नावं थोडी बदलतात. सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'टेंपरेचर' टाइप करणं सर्वांत सोपं. बदल केल्यावरही एखादं अ‍ॅप जुनाच आकडा दाखवत असेल तर त्याची स्वतःची सेटिंग वेगळी आहे, अ‍ॅप उघडून 'युनिट्स' शोधा.

घरच्या गॅलरीतला थर्मामीटर ४६ दाखवतो आणि बातम्यांत ४१. खोटं कोण बोलतं?

कुणीच नाही. वेधशाळेचा थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, मोकळ्या जमिनीवर असतो. जागतिक हवामान संघटनेच्या शिफारशीनुसार सव्वा ते दोन मीटर उंचीवर. गॅलरीतला थर्मामीटर तापलेल्या भिंतीचं आणि उन्हाचं तापमान सांगतो. उत्तरेकडच्या सावलीत, भिंतीपासून हातभर दूर, वारा लागेल असा टांगा आणि वीस मिनिटांनी वाचा.

दोन पट्ट्यांचा काचेचा थर्मामीटर असेल तर वाचण्यापूर्वी कोणत्या बाजूला 'सी' आणि कोणत्या बाजूला 'एफ' आहे ते पाहा.

गाडीच्या डॅशबोर्डवर ३७ दिसलं की बर्फाची खूण का येते?

३७ फॅ. म्हणजे जेमतेम ३ से. बऱ्याच गाड्या ३-४ से. च्या आसपास ही सूचना देतात, कारण रस्ता हवेपेक्षा थंड असू शकतो. पूल आधी गोठतात. त्यांना खालूनही गार वारा लागतो. काळा दिसणारा पातळ बर्फ ओल्या रस्त्यासारखाच भासतो, तेव्हा अंतर ठेवा आणि ब्रेक हलका दाबा.

उन्हात उभ्या गाडीचा आकडा मात्र धरू नका. सेन्सर साधारणपणे पुढच्या बंपरजवळ असतो, तो रस्त्याची आणि इंजिनाची उष्णता टिपतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालल्यावर आकडा खाली येतो.

घरातला थर्मोस्टॅट किंवा एसी कितीवर ठेवायचा?

भारतात १ जानेवारी २०२० पासून नव्या खोलीच्या एसीचं मूळ सेटिंग २४ से. असतं, म्हणजे ७५ फॅ. अमेरिकेत हिवाळ्यात घर ६८ फॅ. (२० से.) वर ठेवण्याचा सल्ला देतात, भारतातून गेलेल्या ज्येष्ठांना ते गार वाटतं, ७१-७२ (२२ से.) ला बरं वाटतं. ६८ च्या घरात इडली-डोशाचं पीठ रात्रभरात फुगत नाही. त्याला ८० ते ९० फॅ. ची ऊब लागते. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून भांडं ठेवतात ते त्यासाठीच.

हिवाळ्यात घर बंद करून भारतात येत असाल तर थर्मोस्टॅट पूर्ण बंद करू नका. ५५ फॅ. (१३ से.) च्या खाली नेऊ नका, नाहीतर भिंतीतल्या नळ्या गोठून फुटतात.

एसीच्या रिमोटवर अचानक ७५ दिसायला लागलं तर एसी बिघडलेला नाही, मापन बदललं आहे. अनेक रिमोटवर अधिक आणि वजा या कळा एकदम काही सेकंद दाबल्या की ते परत येतं. न आल्यास त्या मॉडेलची पुस्तिका पाहा. तोवर ६१ म्हणजे १६ आणि ८६ म्हणजे ३० एवढं ध्यानात ठेवा, बहुतेक एसींचा पल्ला तेवढाच असतो.

आपण हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये का मोजतो?

कायद्याने दशमान मापनं १९५६ साली आली आणि हवामान, शाळा, कारखाने सेल्सिअसकडे वळले. घरोघरचे तापाचे थर्मामीटर आणि डॉक्टरांची बोली मात्र फॅरनहाइटमध्येच राहिली. त्यामुळे "एकशे दोन ताप" कळतो आणि "३९ ताप" कळत नाही.

धोका डिजिटल थर्मामीटरमध्ये आहे. कळ दाबून धरली की मापन बदलतं, आणि मग ३८.५ वाचून कुणी "काहीच नाही" म्हणतं. ३८.५ म्हणजे १०१.३. आठवायला: ३७ = ९८.६, ३८ = १००.४, ३९ = १०२.२, ४० = १०४.

याच खुणा हवेलाही लागू पडतात. हवा ३७ च्या वर गेली की ती शरीरापेक्षा गरम असते. पंखा मग गरम हवाच अंगावर टाकतो. गारवा फक्त घाम वाळण्यातून येतो. म्हणून तेव्हा पाणी पिणं आणि अंग ओलं ठेवणं पंख्याइतकंच महत्त्वाचं.

३२ आणि २१२ असे वेडेवाकडे आकडे आले कुठून?

डानियल गाब्रिएल फॅरनहाइट (१६८६–१७३६) हा दान्झिगला जन्मलेला, हॉलंडमध्ये उपकरणं बनवणारा कारागीर-शास्त्रज्ञ. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आपलं मापन मांडलं. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. ३२ आणि ९६ यांत ६४ अंश, आणि ६४ पुन्हा पुन्हा निम्मे करत नळीवर खुणा आखणं हाताने सोपं जातं. पुढे पाणी गोठणं आणि उकळणं याच दोन खुणा पक्क्या धरल्या तेव्हा शरीराचा आकडा ९६ वरून सरकला.

स्वीडनमध्ये उप्सालाच्या आंदर्स सेल्सिअसने १७४२ साली शंभर भागांचं मापन मांडलं, पण उलटं: उकळण्याला ० आणि गोठण्याला १००. १७४४ ला तो वारला आणि लवकरच ते सुलट करण्यात आलं. 'सेंटिग्रेड' हे त्याचंच जुनं नाव. १९४८ पासून अधिकृत नाव सेल्सिअस.

अमेरिकेने फॅरनहाइट सोडलं का नाही?

१९७५ साली तिथे दशमान मापनांचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ साली बरखास्त झालं. कॅनडाने मात्र १ एप्रिल १९७५ पासून हवामानाचे अंदाज सेल्सिअसमध्ये दिले, त्यामुळे नायगाराचा पूल ओलांडला की आकडे बदलतात. अमेरिकेखेरीज बहामा, केमन बेटं, पलाऊ अशा मोजक्या ठिकाणी फॅरनहाइट चालतं. खुद्द अमेरिकेतही विमानतळांचे हवामान अहवाल वैमानिकांसाठी सेल्सिअसमध्येच निघतात.

कढीपत्ता आणि तुळस कधी आत घ्यायची?

रात्रीचं तापमान ५० फॅ. (१० से.) च्या खाली जायला लागलं की. तुळशीची पानं त्याखाली काळी पडतात. अंदाजात दिवसाचा मोठा आकडा न पाहता 'लो' पाहा. 'फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी' (दव गोठण्याची सूचना) साधारण ३३ ते ३६ फॅ. ला निघते, तेव्हा कुंडी आत घ्यायला धावलात तर उशीर झालेला असतो. आत घेतल्यावर कुंडी हीटरच्या झडपेसमोर ठेवू नका, कोरड्या गरम हवेने पानं गळतात. वसंतात रात्रीचा आकडा सलग आठवडाभर ५० च्या वर राहिला की कुंडी बाहेर, आधी दोन-तीन दिवस सावलीत.